महाडला मनोरंजन उद्यान हवं, पण पूररेषा बघून

मनोरंजन उद्यान उभारताना पहिला निर्णय पाळण्यांचा नसतो, जागेचा असतो. आपल्याच रायगड जिल्ह्यातलं खोपोलीजवळचं इमॅजिका 2013 साली सुरू झालं, तेही मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, म्हणजे दोन्ही शहरांचा ग्राहक हाताशी. महाड-पोलादपूरलाही मुंबई-गोवा महामार्ग आहे, आणि रायगड किल्ल्यामुळे पर्यटक तर येतच असतो. मग अडतं कुठे? सपाट जागेवर. इथली सपाट जमीन बहुतेक सावित्री, गांधारी आणि काळ नद्यांच्या काठाची. घाटात मुसळधार पाऊस आणि खाडीला भरती एकाच वेळी आली की पाणी तुंबून शहरात शिरतं. जुलै 2021 मध्ये हेच झालं. आकाशपाळण्याचा पाया पुरात टिकेलही. पण मोटारीत, बेअरिंगमध्ये, विजेच्या पॅनेलमध्ये गाळ गेला की तो पाळणा सुरक्षित म्हणता येत नाही.

‘मग डोंगरउतारावर बांधा’ असं कुणी म्हणेल. 2005 मध्ये जुई, दासगाव आणि 2021 मध्ये तळिये इथे दरडींनी काय केलं, ते आठवावं. पूर रोज येत नाही, हे खरंच. म्हणूनच नदीकाठी मैदान, झाडं, चालायची वाट ठेवावी. पाणी ओसरलं की ती धुऊन निघतात. यंत्रं मात्र लाल पूररेषेबाहेर, म्हणजे मोठ्या पुराच्या पाण्याच्या हद्दीपलीकडे, माती-खडकाचं परीक्षण झालेल्या जागीच हवीत. रोजगाराचं आश्वासन घेऊन प्रस्ताव आला, तर महाडकरांनो, चित्रं बघण्याआधी पूररेषेचा नकाशा मागा.