ठासणीच्या बंदुकीचा परवाना

गावचे मोठे काका गेले. दिवसकार्य उरकल्यावर चुलतभावाने एक प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात ठेवली. "तुमी मुंबयक ऱ्हवतास, तुमका कागद कळतत," एवढंच म्हणाला. ती पिशवी घेऊन मी तुतारी एक्स्प्रेसने दादरला उतरलो आणि प्रभादेवीच्या आमच्या दोन खोल्यांत जमिनीवर सतरंजी टाकून कागद पसरले. आत घरच्या ठासणीच्या बंदुकीचे परवाने होते, आजोबांच्या नावापासून काकांच्या नावापर्यंतचे. नूतनीकरणाचे जांभळे शिक्के एकावर एक बसून काही पानं वाचता येईनाशी झालेली. हेतूच्या रकान्यात मात्र प्रत्येक वेळी एकच शब्द : शेतीसंरक्षण.

शिकार हा शब्द कुठेच नव्हता. आणि आमच्या घरात तर या बंदुकीला कायम 'शिकारीची बंदूक' म्हणत.

माझे वडील गिरणीत होते. मे महिन्यात आणि गणपतीला गावी जाणारे चाकरमानी बहुतेक सगळेच, पण वडील शिमग्याला हट्टाने रजा काढत. त्याचं कारण पारध. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घातलं जाई, कौल घेतला जाई, मग गाव रानात उतरे. हाकारे एका अंगाने आरडाओरडा करत येत आणि बंदूकवाले दुसऱ्या अंगाला वाटांवर दबा धरून बसत. डुक्कर मिळे, भेकर मिळे, क्वचित सांबर. वाटे पडत तेव्हा बार मारणाऱ्याला त्याचा मान, हाकाऱ्यांना सारखे वाटे, कुत्र्याचाही वाटा. प्रभादेवीच्या चाळीत परतल्यावर वडील या गोष्टी इतक्या रंगवून सांगत की शेजारचे लोक गॅलरीत येऊन बसत.

बंदूक मात्र अगदी गरीब. नळीत तोंडाकडून दारू ओतायची, काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छरे, वर पुन्हा बोळा. कानावर केप बसवायची, घोडा ओढायचा. एकच बार. चुकला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि तोवर जनावर पलीकडच्या डोंगरात. पावसाळ्यात दारू सर्दावली की घोडा नुसता 'टक्' करी. दारूच सर्दावते म्हटल्यावर पावसात पारध कोण काढणार? बंदी हंगामाचा कायदा गावात कुणी वाचला नव्हता, पण अर्धा हंगाम बंदूकच पाळून घेई.

कायदा तेव्हाही होता. १९१२ च्या ब्रिटिश कायद्यात हरणांसकट ठरावीक प्राण्यांसाठी बंदी काळ जाहीर करण्याची तरतूद होती. स्वतःच्या मालमत्तेच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी जनावर मारलं तर मात्र तो कायदा आड येत नसे. १९५१ मध्ये मुंबई राज्याने स्वतःचा वन्य प्राणी-पक्षी संरक्षण कायदा केला. पण आमच्या पिशवीतल्या कागदांचा खरा बाप १९५९ चा शस्त्र कायदा. त्याच्या तेराव्या कलमात ठासणीच्या बंदुकीचं चक्क नाव घेतलेलं आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ती मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यावा, आणि ती अपुरी पडते असं अधिकाऱ्याला वाटलं तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक द्यावी, अशी ती तरतूद. म्हणजे कायद्याच्या लेखी ती पहिल्यापासून बुजगावण्याची थोरली बहीण होती. शिकारी तिला आम्ही केलं.

घरात सगळे म्हणत, "एक्क्याण्णव साली बंदी आली." कागदांच्या निमित्ताने मी जुने कायदे चाळले तेव्हा कळलं की आमची पारध त्याआधी जवळजवळ वीस वर्षं बेकायदाच चालली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार एकदम बंद केली नव्हती. खास शिकार, मोठी शिकार, लहान शिकार असे परवान्यांचे प्रकार होते. बंदी काळ होता, मादी आणि पिल्लाला अभय होतं. सांबर आणि भेकर 'मोठ्या शिकारी'त गणले जात. पण मोठ्या शिकारीला रायफल हवी, नाहीतर एकगोळी काडतुसाची शॉटगन. ठासणीत छरे भरून सांबरावर बार टाकणं त्यात बसत नव्हतं. सूर्यास्तानंतर शिकार नको, आणि काही पक्षी सोडले तर कुत्री घेऊन शिकार नको. शिकारीसाठी जनावर हाकणं हीदेखील त्या कायद्याच्या व्याख्येत शिकारच. म्हणजे नुसता डबा वाजवणारा माझा दहा वर्षांचा चुलतभाऊसुद्धा शिकारी. चाळीच्या गॅलरीत रंगलेल्या त्या गोष्टी म्हणजे एका अर्थाने कबुलीजबाबच होते!

२ ऑक्टोबर १९९१ पासून परवान्यांची ती कलमंच वगळली गेली आणि शिकारीचा हंगाम कागदावरूनही गेला. गांधीजयंतीचा मुहूर्त कुणाला सुचला कोण जाणे.

शिकार सोडण्याच्या बाबतीत शहर गावाच्या पुढे होतं. १८८३ मध्ये आठ जणांनी मुंबईत स्थापलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुरुवातीच्या काळात हौशी शिकाऱ्यांचा भरणा होता. सालिम अलींची वाटही एअरगनने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासूनच सुरू झाली. पुढे तिथेच बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली. रानांचंही तसंच झालं. फणसाडचं जंगल जंजिऱ्याच्या नबाबाचं शिकारीचं रान होतं. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं.

अमेरिकेत नेमकं उलटं घडलं. पेनसिल्व्हेनियाने १९७४ मध्ये चकमकीच्या ठासणी बंदुकीसाठी हरणाच्या शिकारीचा वेगळा हंगाम सुरू केला. जुनं हत्यार आणि त्याचं कसब टिकावं हा त्यामागचा एक हेतू. पुढे १९८५ मध्ये दुर्बीण बसवता येणाऱ्या नव्या धर्तीच्या ठासणी बंदुका आल्या आणि 'ही कसली पारंपरिक?' असा वाद पेटला. तिथे हरणं मुबलक आहेत, त्यामुळे त्यांना हा वाद परवडतो. आपल्याकडे कोडगूत कैलपोळ्दच्या सणाला कोडव लोक बंदुकांची पूजा करतात आणि त्यांना परवान्यातून सूटही आहे, पण हरणाचा हंगाम त्यांनाही नाही. आमच्या रानात भेकराचं भुंकणं ऐकायला आता पहाटे उठून कान द्यावा लागतो. तेव्हा परंपरेच्या नावाखाली पारध परत मागणाऱ्यांत मी नाही. माझ्या वडिलांच्या आठवणीखातरही नाही.

पण पुढचंही सांगायला हवं. पारध गेली आणि रानात फासकी आली. गाडीच्या क्लच वायरीचा फास झुडपात लावून ठेवायचा. त्याला हंगाम नाही, कौल नाही, आवाज नाही, आणि डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशा बातम्या नेहमीच्या झाल्या आहेत. बार उडाला की सगळ्या वाडीला कळे. फासकी फक्त लावणाऱ्यालाच माहीत.

आणि शेतीसंरक्षण? डुक्कर तर वाढलेच. २०१५ मध्ये राज्य शासनाने पिकाची नासाडी करणारा रानडुक्कर वनखात्याच्या परवानगीने मारण्याची सोय केली, पण अर्ज, पाहणी, परवानगी होईपर्यंत भात झोडून होतं. काका एकदा बंदूक पुसता पुसता म्हणाले होते, "आता ही आवाज करूक आसा, मारूक नाय." तो आवाजही नेमका हवा तेव्हा नसे. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा. विधानसभेचं मतदान २०१४ मध्ये १५ ऑक्टोबरला, २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला. म्हणजे तिन्ही वेळा आचारसंहिता बरोबर भात पिकण्याच्या दिवसांत! प्रत्येक परवान्याची छाननी करून, गरज असेल तीच बंदूक जमा करून घ्यायची, असं अपेक्षित आहे. काकांकडे मात्र दर वेळी निरोप येई तो सरसकट. २०१९ मध्ये ते तीन तास रांगेत उभे राहिले, आणि परत मिळाली तेव्हा बंदुकीच्या घोड्याला गंज चढला होता.

वारसाच्या नावाने परवाना करायचा तर आता राष्ट्रीय नोंदीतला क्रमांक लागतो, वैद्यकीय दाखला लागतो. चुलतभावाचं भात चार गुंठे, त्यालाही कंटाळा आला आहे. तरी मी त्याला कागद भरून पाठवले आहेत. हेतूच्या रकान्यात शेतीसंरक्षण असंच लिहिलं आहे, आणि या खेपेला ते शब्दशः खरं आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात बसणाऱ्यांना एवढीच विनंती, की पुढची आचारसंहिता भाताच्या दिवसांत आली तर या एकबारी म्हातारीला कोठडीत टाकण्याआधी रकाना वाचा.