एकादशी, दुप्पट खाशी आणि इन्सुलिन

संकष्टीला सिद्धिविनायकाची रांग, आषाढीला वडाळ्याच्या विठोबाची आणि आश्विनात नऊ दिवस घटाचे. गिरगावापासून लालबागपर्यंत उपास करणाऱ्यांना निमित्त शोधावं लागत नाही. त्यात डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळच्या जेवणाची आणि जिममधल्या पोरांच्या ‘सोळा-आठ’ची (सोळा तास उपास, आठ तासांत खाणं) भर पडली आहे. ‘उपासाने चरबी जळते, शुगर ताब्यात येते’ हे आता सगळीकडेच ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण किती तास उपाशी राहिलात आणि मधे काय खाल्लंत यावर सगळं ठरतं.

गैरसमज १ : उपास आहे, म्हणजे इन्सुलिनला सुट्टी.

वस्तुस्थिती : पोट रिकामं असेल तरच. शेवटच्या घासानंतर काही तासांनी इन्सुलिन उतरतं, कातडीखालची चरबी सुटून रक्तात येते आणि स्नायू साखरेऐवजी ती जाळू लागतात. पण सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ नि दाण्याची आमटी, चारला बटाट्याचा चिवडा असा उपास असेल, तर ही वेळ येतच नाही. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदकं असतात, प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. दादरला ‘प्रकाश’मध्ये साबुदाणा वडा आणि वर गोड पीयूष घेतलं, तर देवाच्या लेखी तो उपास असेलही, स्वादुपिंडाच्या लेखी ते भरपेट जेवण आहे.

गैरसमज २ : तास मोजले की झालं, वेळ कुठलीही चालते.

वस्तुस्थिती : इन्सुलिनला शरीर सकाळी जास्त दाद देतं, रात्री कमी. २०१८ मध्ये अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांवर एक छोटा प्रयोग झाला. त्यांनी पाच आठवडे दिवसभराचं खाणं सहा तासांत, दुपारी तीनच्या आत संपवलं. वजन फारसं न घटताही त्यांचं इन्सुलिन जास्त प्रभावी ठरलं. आपली संकष्टी नेमकी उलट्या बाजूने चालते. चंद्रोदय रात्री नवाच्या आसपास, मग मोदक, वरण-भात आणि लगेच अंथरूण. उपास चंद्र बघूनच सोडायचा असेल तर सोडावा, पण ताट हलकं ठेवावं.

गैरसमज ३ : जितका कडक उपास, तितकी स्नायूंतली चरबी वितळते आणि इन्सुलिन सुधारतं.

वस्तुस्थिती : दोन-तीन दिवसांच्या निव्वळ पाण्यावरच्या उपासात उलटंच घडतं. चरबीचा रक्तात इतका पूर येतो, की स्नायूंना ती सगळी जाळता येत नाही आणि उरलेली त्यांच्या पेशींत साठते. तंदुरुस्त पुरुषांना ७२ तास उपाशी ठेवून केलेल्या तपासणीत त्यांच्या स्नायूंतली चरबी वाढलेली दिसली. या काळात स्नायू इन्सुलिनला जुमानत नाहीत, साखर आत घेत नाहीत. यकृतातला साखरेचा साठा साधारण दिवसभरात आटलेला असतो, त्यामुळे असलेली साखर मेंदूसाठी राखून ठेवायची ही शरीराची सोय आहे. उपाशी कुत्र्यांत हा प्रकार संशोधक होफमाइस्टर यांनी १८९० मध्येच पाहिला आणि त्याला ‘भुकेचा मधुमेह’ म्हटलं. नेहमीचं जेवण सुरू झालं की तो ओसरतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की नवरात्रात कडकडीत उपास करून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ग्लुकोज पिऊन करायच्या तपासणीला जाऊ नये. आकडा उगाच चढा येऊ शकतो. त्या तपासणीआधी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत, असा नियम त्यासाठीच आहे.

गैरसमज ४ : मी सडपातळ, मला चरबीची चिंता नाही.

वस्तुस्थिती : पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपलाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२. काट्यावर सारखी दिसणारी माणसं आतून अशी वेगळी असतात. भारतीयांना मधुमेह कमी वजनातही का गाठतो, त्याचं एक उत्तर इथे आहे.

स्नायूंत चरबी आहे एवढ्याने बिघडत नाही. लांब पल्ल्याचे धावपटू आणि मधुमेही यांच्या स्नायूंत ती सारखीच आढळू शकते, तरी धावपटूंचं इन्सुलिन चोख चालतं, कारण ते ती रोज वापरतात. जेवणानंतरच्या साखरेचं मोठं गिऱ्हाईक स्नायूच आहेत, आणि ते हलते असले की इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर उचलतात. जेवून शिवाजी पार्कला एक फेरी मारली, तरी रिकाम्या पोटाशिवाय हा फायदा मिळतो.

गैरसमज ५ : उपासात जळते ती फक्त चरबी.

वस्तुस्थिती : पहिल्या दिवसांत साखर तयार करण्यासाठी शरीर स्नायूंतली प्रथिनंही मोडतं. २०२० मधल्या एका अमेरिकी चाचणीत दुपारी बारा ते रात्री आठ एवढंच खाणाऱ्यांचं वजन १२ आठवड्यांत इतरांच्या तुलनेत फारसं वेगळं घटलं नाही, आणि जे घटलं त्यात स्नायूंचा वाटा बराच होता. म्हणून उपासाला ताक, दही, दूध, शेंगदाणे, राजगिरा यांना साबुदाण्याच्या पुढे बसवावं आणि थोडी वजनं उचलावीत.

गैरसमज ६ : उपासाच्या दिवशी जेवण नाही, मग औषधाचंही आपणच ठरवावं.

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत धोक्याचा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत घेऊन उपाशी राहिलं, तर साखर धोकादायक खाली जाते. ‘ग्लिफ्लोझिन’ गटातल्या गोळ्यांवर लांब उपास केला, तर रक्तात कीटोन वाढून आम्लता होऊ शकते, आणि तीही साखर फारशी चढलेली नसताना. परस्पर गोळी बंद करणंही तितकंच चूक. उपासाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना मात्रा विचारून घ्यावी. घाम फुटला, हात थरथरले, साखर ७० च्या खाली गेली, तर मुहूर्त न बघता तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि उपास तिथेच सोडावा.