आंबा विक्रीचा व्यवहार : शब्द देण्याच्या चार पायऱ्या

मोहोराचे संरक्षण, खते, तोडणी याविषयी आपण बरेच वाचतो. परंतु पेटी बागेबाहेर पडल्यावर होणारे नुकसान पुष्कळदा किडीमुळे नव्हे, तर अर्धवट बोलण्यामुळे होते. "मी तर सांगितले होते" आणि "आमचे तसे ठरलेच नव्हते" ही दोन वाक्ये दर हंगामात ऐकू येतात.

विक्रीचा आराखडा करताना आपण मालाचा प्रवास मांडतो : तोडणी, प्रतवारी, पेटी, ट्रक, बाजार. त्यात कोणी कोणाला काय कबूल केले, हे कुठेच दिसत नाही. चिलीचे माजी मंत्री फर्नांडो फ्लोरेस व अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ टेरी विनोग्राड यांनी १९८६ साली एका पुस्तकात वेगळा विचार मांडला. कोणतेही कामकाज हे माणसांनी एकमेकांकडे केलेल्या मागण्या व दिलेली वचने यांवर उभे असते, असे त्यांचे म्हणणे. नेदरलँड्समधील यान डीट्झ यांनी याच विचारावर उद्योगांचे कामकाज रेखाटण्याची पद्धत बसवली. ही पद्धत शेतमाल विक्रीलाही उपयोगी पडते.

चार पायऱ्या

समजा, रबाळे औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या कामगारांनी अक्षय्य तृतीयेसाठी देवगडच्या बागायतदाराकडे हापूसच्या ५० पेट्या मागितल्या.

१) मागणी : केवळ "५० पेट्या पाठवा" ही अपुरी मागणी होय. पेटीत किती डझन, फळाचे वजन किती, आंबा कच्चा हवा की पिकलेला, कोणत्या दिवशी व कोठे पोच हवी, हे विचारून घ्यावे.

२) कबुली : "बघतो", "होऊन जाईल" ही कबुली नव्हे. होकार द्यावा, नकार द्यावा किंवा "५० नाही, ३० देतो" असे सांगावे. चौदा आणे तयार फळ देणार असे म्हटले, तर त्याचा अर्थ समोरच्याला समजावून द्यावा. शहरातील ग्राहकाला तो ठाऊक असतोच असे नाही.

३) पूर्तता कळवणे : माल पाठवणे आणि "ठरल्याप्रमाणे माल पोचवला" असे कळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेट्यांची संख्या, प्रत व तारीख लिहून कळवावे.

४) स्वीकृती : ही पायरी सर्वाधिक दुर्लक्षिली जाते. ट्रक फाटकात उभा राहिला म्हणजे माल स्वीकारला असे होत नाही. घेणाऱ्याने "माल बरोबर मिळाला" असे म्हटल्यावरच हे वर्तुळ पूर्ण होते.

साक्याचा प्रश्न

हापूसमधील साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. कच्चे फळ पेंढ्यात पिकायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे पेट्या मोजून घेतल्या तरी खरी स्वीकृती पुढेच असते. साका निघाल्यास किती दिवसांत कळवायचे, फळ बदलून द्यायचे की रक्कम वळती करायची, हे दुसऱ्या पायरीवरच ठरवावे. अन्यथा थोड्या फळांसाठी सर्व पेट्यांचे पैसे अडकतात. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार, नाकारल्याचे न कळवता खरेदीदाराने वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे धरतात. पण "वाजवी" किती, यावर भांडत बसण्यापेक्षा दिवस ठरवलेले बरे.

कोण कोणाला बांधील?

वाशीच्या बाजारात अडत्याकडे माल पाठवतो तेव्हा अडत्या तो सहसा स्वतः विकत घेत नाही. आपल्या वतीने विकून देण्याचे कबूल करतो. म्हणून "भाव पडला" ही त्याची वचनभंगाची बाब नसते. मात्र विक्री झाल्याची खरी पट्टी व तिच्याप्रमाणे पैसे देणे हे त्याचे वचन असते. हिशेब मागायचा तो याच वचनाचा.

थेट विक्रीत हे वेगळे असते. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला नियमनमुक्त केल्यानंतर बाजार आवाराबाहेर विक्रीची वाट मोकळी झाली, पण मधला माणूस गेला की त्याची बोलणीही आपल्यावर येतात. ट्रकवाल्याने उशीर केला, तरी रबाळ्याच्या ग्राहकाला शब्द बागायतदाराने दिलेला असतो, ट्रकवाल्याने नव्हे. म्हणून ट्रकवाल्याशी वेगळी मागणी आणि वेगळी कबुली हवी. पैशांचेही वर्तुळ वेगळे असते. तेथे मागणारे आपण, शब्द देणारा ग्राहक.

काय करावे?

• एका वहीत प्रत्येक व्यवहारासाठी चार रकाने आखावेत : मागितले, कबूल केले, पोचवले, स्वीकारले. प्रत्येकासमोर व्यक्ती व तारीख लिहावी.
• पैशांसाठी व वाहतुकीसाठी स्वतंत्र ओळ ठेवावी.
• दर आठवड्याला वही पाहावी. जो रकाना रिकामा, तेथेच उद्याचा वाद आहे असे समजून त्याच दिवशी विचारणा करावी.
• शब्द पाळणे शक्य नाही असे दिसताच मुदतीपूर्वी कळवावे व नवी तारीख ठरवून घ्यावी.

तोंडी करारही १८७२ च्या करार कायद्याने सामान्यतः ग्राह्य असतो; अडचण येते ती तो सिद्ध करताना. फळ झेल्याने अलगद उतरवण्याची जी काळजी आपण घेतो, तीच शब्द देता-घेतानाही घ्यावी.