सामायिक मूळ फाइली आणि स्वयंचलित बांधणी

एकच काम थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी करावयाचे असले, की तयार स्क्रिप्टची, म्हणजे संगणकाला क्रमाने द्यावयाच्या आज्ञांच्या फाइलीची, नक्कल करून तीत फेरफार करण्याकडे कल असतो. या सोयीची किंमत पुढे दोष सापडला की मोजावी लागते. मार्च 2002 मध्ये झेडलिब या माहितीचा संक्षेप करणाऱ्या आज्ञासंग्रहातील सुरक्षादोष उघड झाला. 1.1.4 या आवृत्तीत तो दुरुस्तही झाला. परंतु अनेक आज्ञावल्यांनी, लिनक्सच्या गाभ्यानेसुद्धा, झेडलिबची नक्कल आपल्या पोटात ठेवली होती. अशी प्रत्येक नक्कल शोधून स्वतंत्रपणे सुधारावी लागली.

यावरील उपाय असा : समान भाग एकाच जागी ठेवावा, वेगळेपण छोट्या मांडणी-फाइलीत नोंदवावे आणि जोडणी यंत्रावर सोपवावी. हे काम करणारे ‘मेक’ हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार केले. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा संकलित न झाल्याने एका सहकाऱ्याची सकाळ नसलेला दोष शोधण्यात वाया गेली होती, हे त्याचे निमित्त. कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे व ती कोणत्या आज्ञांनी तयार होते, हे ‘मेकफाइल’मध्ये लिहिलेले असते. ‘मेक’ फाइलींच्या बदलाच्या वेळा ताडून पाहते आणि जुने ठरलेले तेवढेच नव्याने बांधते.

येथे एक गफलत वारंवार होते. मांडणी-फाइलीचा उल्लेख अवलंबित्वाच्या यादीत राहून गेला, तर तीत बदल करूनही ‘मेक’ स्वस्थ बसते आणि जुनीच स्क्रिप्ट वापरात राहते. तयार झालेल्या स्क्रिप्टमध्ये हाताने केलेली दुरुस्ती तर पुढच्या बांधणीत पुसलीच जाते.

संकेतस्थळांसाठीच्या ‘जेक्वेरी’ची 1.8 ही आवृत्ती 2012 मध्ये आली. तेव्हापासून ‘ग्रंट’ या साधनाद्वारे चलत्परिणामांसारखे नको असलेले घटक वगळून आटोपशीर स्क्रिप्ट बांधता येऊ लागली. मंद जोडणीवर पान उघडणाऱ्यास हा फरक जाणवतो. मूळ फाइली मात्र सर्वांच्या त्याच.

बांधणी यंत्राकडे गेली, तरी देखरेख सुटत नाही. मार्च 2024 मध्ये ‘एक्सझेड’ या संक्षेप-साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट आढळली. दूरस्थ प्रवेशास लागणाऱ्या सुमारे अर्ध्या सेकंदाच्या विलंबावरून आंद्रेस फ्रॉइंड यांना ती सापडली. तिचा घातक भाग चाचणीच्या फाइलींत दडवलेला होता आणि त्याला जागे करणारी ओळ बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये होती. ही ओळ सार्वजनिक भांडारात नव्हती, केवळ वितरित संचात होती. अशा संचात यंत्रनिर्मित फाइली नेहमीच असतात, आणि त्या सहसा कोणी वाचत नाही.