सौरघटाला टिचकी

चैत्रात गोंदियाच्या बाजारात माठ घेताना आपण बोटाने हलकीच टिचकी मारतो आणि कान देतो. आवाज खणखणीत आला तर माठ घरी येतो. बद्द आला तर आत कुठे तरी चीर आहे असे समजतो. दगड मारूनही परीक्षा होईल, पण मग माठ उरणार नाही. पेरोव्हस्काइट नावाच्या नव्या सौरघटाची परीक्षा शास्त्रज्ञ याच रीतीने करतात, ती आम्ही येथे सांगणार आहोत.

पेरोव्हस्काइट हे उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाचे, १८३९ सालचे नाव. तशाच स्फटिकरचनेचा, शिसेयुक्त पदार्थ वापरून जपानमध्ये मियासाका व सहकाऱ्यांनी २००९ साली केलेला घट उन्हातील ३.८ टक्के शक्तीची वीज करी. आज प्रयोगशाळेतील छोटे घट २६ टक्क्यांपुढे गेले आहेत. मुंबईच्या आयआयटीतही हे संशोधन चालू आहे. अडचण टिकाऊपणाची आहे. उष्णता आणि ओल या घटांना मानवत नाही, आणि आपल्या जिल्ह्यात मे महिन्याचे ऊन व धानाचा पावसाळा, दोन्ही भरपूर!

घटावर स्थिर उजेड ठेवून वर प्रकाशाची एक क्षीण चमक टाकतात. विद्युद्दाब काही मिलिव्होल्ट चढतो आणि ओसरतो. झटकन ओसरला तर समजावे, की प्रकाशाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन वाटेतच नाहीसे होत आहेत. दुसऱ्या रीतीत विद्युद्दाबालाच बारीक हेलकावे देतात. सेकंदाला दहा लाखांपासून थेट दहा सेकंदांना एकापर्यंत. जलद हेलकाव्यांना चपळ इलेक्ट्रॉनच दाद देतात. हेलकावे मंदावले की जड आयनही हलू लागतात. सिलिकॉनच्या घटात हा प्रकार नाही. या आयनांमुळेच दाब चढवीत मोजले तर एक आलेख येतो, उतरवीत मोजले तर दुसरा. म्हणून टिचकी लहानच हवी. मोठ्या धक्क्याने आयन जागा सोडतात आणि मोजायला घेतलेला घट तोच राहत नाही.

मात्र आवाज ओळखणारा कानही हवा. मंद हेलकाव्यांत या घटाची धारिता अफाट दिसते. तेवढा विद्युद्भार खरोखरच साठतो असे आरंभी पुष्कळांना वाटले. पुढे उमगले, की सरकणारे आयन इलेक्ट्रॉनांचा प्रवाहच कमीजास्त करतात आणि तो बदल साठ्यासारखा भासतो.

आता ८५ अंश सेल्सिअस उष्णतेत व ८५ टक्के दमटपणात घट १,००० तास ठेवतात. आधी आणि नंतर टिचकी मारली, की दोष वाढले की आयन अधिक मोकळे झाले, याचा माग घट न फोडता काढता येतो.