कूपरांची पुडी

मेंढीला खरूज लागली की ती कुंपणाला आणि झाडाच्या बुंध्याला अंग घासत राहते. लोकरीचे पुंजके गळतात, कातडीवर खपल्या धरतात, चरण्यावरचं लक्ष उडतं आणि थंडीत उघडं पडलेलं जनावर तग धरत नाही. माण-खटावच्या मेंढपाळाला हे वेगळं सांगायला नको. हा सगळा प्रताप डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका किड्याचा. सोरोप्टीस ओव्हिस त्याचं नाव. एका मेंढीला त्याने गाठलं की कळप जायला वेळ लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंड-स्कॉटलंडच्या मेंढपाळाकडे त्यावर डांबर, लोणी, हंसाची चरबी, तंबाखूचं पाणी, गंधक असे उपाय होते. एकेक मेंढी धरायची, तिची लोकर बोटांनी फाकवायची आणि रेघेरेघेने मलम चोळायचं. इतकं करून दिवसभरात मोजक्याच मेंढ्या हातावेगळ्या होत.

या दुखण्यावर विल्यम कूपर यांनी १८५२ साली एक भुकटी बाजारात आणली. मराठी वाचकाला कूपर म्हटलं की साताऱ्याचे धनजीशा कूपर आठवतील, पण त्यांचा या घराण्याशी संबंध नाही. हे कूपर श्रॉपशायरमधल्या क्लनबरी गावचे. १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला ते लंडनच्या वायव्येला असलेल्या बर्कमस्टेड या लहानशा गावी आले आणि जनावरांचे वैद्य म्हणून तिथेच स्थिरावले. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजची पदविका त्यांनी १८४९ साली घेतली. पदवीधर पशुवैद्य तेव्हा दुर्मीळ होते. गावोगावी घोड्यांना नाल ठोकणारेच औषधपाणीही करत. कूपर यांच्याकडे कॉलेजचं शिक्षण होतं आणि त्याच्या जोडीला गोठ्यातला अनुभवही होता. ग्रॅहम ग्रीन यांचं जन्मगाव म्हणून बर्कमस्टेड आपल्याला ठाऊक असतं, पण ग्रीन जन्मले १९०४ साली. तोवर हे गाव अर्ध्या जगाच्या मेंढपाळांना कूपरांच्या पुड्यांमुळे ठाऊक झालेलं होतं.

भुकटीत मुख्य दोन द्रव्यं होती, आर्सेनिक आणि गंधक. दोन्ही जुनीच आणि दोन्ही मेंढपाळांच्या माहितीची. आर्सेनिक म्हणजे सोमल, जालीम विष. ते थंड पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून शेतकरी ते साबणाबरोबर घरच्या कढईत उकळून काढा करत. काढा फिका झाला तर किडा मरत नसे आणि कडक झाला तर मेंढी मरत असे. शिवाय किड्याची अंडी अशा स्नानाने मरत नाहीत. ती काही दिवसांनी फुटतात आणि खरूज परत येते. कूपर यांच्या भुकटीतलं आर्सेनिक हिंडता-फिरता किडा मारत असे आणि गंधक लोकरीत मागे राहून नंतर फुटणाऱ्या पिलांचा बंदोबस्त करत असे. ही भुकटी थंड पाण्यात कालवली की झालं. पुडी ठरल्या वजनाची, पाणी ठरल्या मापाचं. हौद भरायचा, एकेक मेंढी त्यात बुडवून पलीकडच्या अंगाने बाहेर काढायची.

माझ्या मते कूपरांचं सगळं कर्तृत्व त्या मापात आहे. दोन जुनी द्रव्यं सगळ्यांकडे होती. भरवशाचं प्रमाण कुणाकडे नव्हतं. वैद्याचा अंदाज, त्याच्या हाताचं वजन, त्याची नजर हे सारं कूपर यांनी कागदाच्या पुडीत बांधलं आणि जिथे पशुवैद्य कधी पोहोचणार नव्हता तिथे पाठवून दिलं. आदल्याच वर्षी, १८५१ साली, ब्रिटिश संसदेने आर्सेनिकच्या विक्रीवर पहिला कायदा केला होता. किरकोळ विक्रीची नोंद ठेवायची आणि पांढरं विष ओळखू यावं म्हणून त्यात काजळी किंवा नीळ मिसळायची. तरीही १८५८ साली ब्रॅडफर्डमध्ये चुकून आर्सेनिक पडलेल्या गोळ्या खाऊन वीसेक माणसं दगावली. अशा काळात विषाची पुडी विश्वासाने विकत घ्यायला लावणं ही लहान गोष्ट नव्हती.

बर्कमस्टेडमधून कालवा जात होता आणि १८३०च्या दशकातच लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेही आली होती. माल लंडनच्या गोदीवर पोहोचायला अडचण नव्हती. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, दोन्ही अमेरिका अशा जिथे-जिथे मेंढ्यांचे अफाट कळप होते तिथे पुड्या गेल्या. कारखाना गावात पसरत गेला. पेट्या घरच्याच सुतारशाळेत बनत आणि वेष्टणं व माहितीपत्रकं छापायला घरचाच छापखाना होता. त्याचं नाव क्लनबरी प्रेस. पिढी उलटली तरी मूळ गाव असं नावात जपलेलं दिसतं.

पेढीचं नाव होतं ‘विल्यम कूपर अँड नेफ्यूज’, म्हणजे काका आणि पुतणे. आपल्याकडे काका-पुतण्या म्हटलं की शनिवारवाडा डोळ्यांपुढे येतो, पण इथे काकांनी पुतण्यांना हयातीतच भागीदार केलं. संस्थापक १८८५ साली वारले. पुतण्यांपैकी दोघे १८९१ पर्यंत गेले आणि सगळा कारभार पुतणे रिचर्ड पॉवेल कूपर यांच्या हाती आला. व्यवसाय जगभर खरा पसरला तो यांच्या काळात. १९०५ साली ते बॅरोनेट झाले. एसेक्सच्या किनाऱ्यावरचं फ्रिंटन हे गावही त्यांच्याच पैशातून उभं राहिलं. १९१३ साली ते गेल्यावर मुलगा रिचर्ड अ‍ॅशमोल कूपर वारस झाला. तो वॉल्सॉलचा खासदार होता आणि त्याचा बराच वेळ राजकारणात जाई.

या घराण्याचं एक काम मात्र व्यापाराच्या पलीकडचं आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. गोचिडांवर औषध विकायचं तर आधी गोचीड नीट ओळखायला हवी, म्हणून त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा काढली. केंब्रिजच्या नटॉल आणि वॉर्बर्टन यांनी १९०८ पासून गोचिडांवरचा जो मोठा ग्रंथ भागाभागाने प्रसिद्ध केला, त्याच्या लेखकांत डब्ल्यू. एफ. कूपर आणि एल. ई. रॉबिन्सन ही या प्रयोगशाळेतली नावं आहेत. तो ग्रंथ पुढे कित्येक दशकं अभ्यासकांच्या हाताशी राहिला.

१९२५ साली मॅकडूगल आणि रॉबर्टसन या प्रतिस्पर्ध्यांशी हातमिळवणी होऊन ‘कूपर, मॅकडूगल अँड रॉबर्टसन’ ही कंपनी झाली. मॅकडूगलांची कथाही ऐकण्यासारखी आहे. मँचेस्टरचे अलेक्झांडर मॅकडूगल यांनी रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनतज्ज्ञासह कार्बोलिक अ‍ॅसिडची जंतुनाशक पूड तयार केली होती. कार्लाइल गावच्या सांडपाण्यावर कार्बोलिकचा प्रयोग झाला. ते पाणी दिलेल्या कुरणात चरणाऱ्या गुरांचा जंतांचा त्रासही कमी झाला. ही हकीकत जोसेफ लिस्टर यांच्या कानावर गेली आणि १८६५ साली त्यांनी कार्बोलिक माणसाच्या जखमेवर वापरलं. निर्जंतुक शस्त्रक्रियेची एक वाट अशी गुरांच्या कुरणातून आली. याच मॅकडूगलांच्या मुलांनी आपोआप फुगणारं पीठ बाजारात आणलं, आणि त्या पिठाचं नाव इंग्लंडमध्ये आजही चालतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी, बीएचसी, डिल्ड्रिन अशी नवी कीटकनाशकं आली. ती शोधायला, तपासायला आणि सिद्ध करायला जो खर्च लागतो तो एका घराण्याला झेपणारा नव्हता. १९५९ साली वेलकम फाउंडेशनने कंपनी विकत घेतली. मुलुंडला ज्यांचा औषध कारखाना होता त्या बरोज वेलकमचं हेच मूळ घर. वेलकमची मालकी तेव्हा एका धर्मादाय न्यासाकडे होती. त्यामुळे मेंढ्यांच्या स्नानातला नफा निदान काही वर्षं वैद्यकीय संशोधनाला लागला. १९८४ साली वेलकम आणि आयसीआय यांनी मिळून ‘कूपर्स अ‍ॅनिमल हेल्थ’ काढली. मग हे नाव एका कंपनीकडून दुसरीकडे जात राहिलं. बर्कमस्टेडचं काम १९९७ साली थांबलं. ऑस्ट्रेलियात कूपर्सचं लेबल आजही विकलं जातं, पण मालक एमएसडी आहे.

ब्रिटनमधून मेंढ्यांची खरूज १९५२ साली हद्दपार झाली, म्हणजे पहिल्या पुडीनंतर बरोबर शंभर वर्षांनी. १९७३ साली ती परत आली आणि अजून ठाण मांडून आहे.

आर्सेनिक हे मूलद्रव्यच, त्यामुळे ते कुजत नाही. मेंढी हौदातून निघाली की अंगावरचं पाणी निथळून जमिनीत मुरायचं. हौद रिकामा करायचा तर गाळ शेजारीच ओतायचा. पुडीवर पाण्याचं माप होतं, पण उरलेल्या विषाची जबाबदारी शेतकऱ्यावरच पडली. तेव्हा सर्वत्र हीच रीत होती आणि एकट्या कूपरांना दोष देणं अन्यायाचं होईल. तरी ज्यांनी माप शिकवलं त्यांनी विल्हेवाटही शिकवायला हवी होती, असं मला वाटतं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या ईशान्य भागात गोचिडांसाठी बांधलेले गुरांचे सुमारे १६०० हौद होते. तिथे १९५५ पर्यंत आर्सेनिक वापरलं गेलं आणि त्यानंतर डीडीटी. त्या जागांची माती अजून दूषित आहे. जमीन घेऊ पाहणाऱ्याला जवळपास असा हौद होता का हे सरकारी यादीत पाहता येतं.