जाड गार्ड म्हणजे सुरक्षित पिकअप?

‘बंपरपुढचा गार्ड लोखंडी बसवू की अ‍ॅल्युमिनियमचा?’ शिरूर-दौंड भागात पिकअप घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या तोंडी हा प्रश्न असतो. शोरूममधून गाडी निघते, हार-नारळ होतो आणि ती थेट फॅब्रिकेशनच्या दुकानासमोर उभी राहते. पुढे जितकं जाड लोखंड, तितका आतला माणूस सुरक्षित, ही त्यामागची पक्की समजूत. ती चूक आहे आणि जिवावर बेतणारी आहे. म्हणून धातूची निवड बाजूला ठेवून आधी त्या समजुतीबद्दलच बोलू.

गैरसमज: ‘जड लोखंडी गार्ड ड्रायव्हरचा जीव वाचवतो.’

वस्तुस्थिती: धडकेत घात होतो तो गाडी एकाएकी थांबल्यामुळे. वेगात आलेला चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो. गाडीचं नाक चेपतं तेव्हा तेच काम होत असतं. आता हिशेब पाहा. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी भक्कम अडथळ्यावर आदळली आणि नाक चेपत 60 सेंटीमीटर अंतरात थांबली, तर सरासरी झटका साधारण 16 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 16 पट असतो. पट्टा लावलेल्या 60 किलोच्या ड्रायव्हरवर तेव्हा जवळपास एक टन वजनाइतका जोर येतो. तीच गाडी 20 सेंटीमीटरमध्ये थांबली, तर झटका 49 जी आणि जोर जवळपास तीन टन. वेग तोच, माणूस तोच. फरक फक्त थांबायला मिळालेल्या अंतराचा.

जाड पाइपचा गार्ड नट-बोल्टने थेट चासीच्या टोकांना बांधतात. तो स्वतः फारसा चेपत नाही आणि चासीच्या पुढच्या भागालाही नीट चेपू देत नाही. धक्का चासीतून केबिनमध्ये येतो. पिकअपला मुळात मोटारीएवढं लांब नाक नसतं; छोट्या मालगाड्यांत तर ड्रायव्हरचे गुडघे काचेखालच्या पत्र्याला जवळजवळ टेकलेले असतात. जे थोडं अंतर आहे तेही पैसे मोजून घालवायचं, याला सुरक्षितता कशी म्हणायची?

‘पण अमक्याचा गार्ड वाकला आणि तो वाचला,’ हे उत्तर हमखास येतं. कमी वेगाच्या धडकेत गार्ड दिवे आणि जाळी वाचवतो, हे खरंच आहे. त्या वेगात माणूस गार्डशिवायही वाचला असता. जे जोरात आदळले आणि गेले, ते गार्डचा अनुभव सांगायला चहाच्या टपरीवर येत नाहीत.

आपल्या रस्त्यांवरची मोठी भीती वेगळीच आहे. गळीत हंगामात न्हावरे-चौफुला रस्त्यावर रात्री दिव्याविना, रिफ्लेक्टरविना उभी असलेली उसाची ट्रॉली आठवा. तिचा हौदा बहुधा पिकअपच्या बंपरपेक्षा उंच असतो. मागून धडकलेली गाडी हौद्याखाली घुसते आणि मार बसतो काचेला आणि केबिनला. तिथे खालचा गार्ड लोखंडी होता की अ‍ॅल्युमिनियमचा, याने काही फरक पडत नाही.

आणि समोर माणूस असेल तर? पहाटे रस्त्याकडेने चालणारे ऊसतोड मजूर, शाळेला निघालेली मुलं, दुचाकीवाले. पातळ बंपर आणि बॉनेट थोडं तरी दबतात; कडक पाइप दबत नाही, तो सगळा जोर हाडांवर उतरवतो. याच कारणासाठी युरोपीय संघाने 2005 मध्ये वाहनांच्या पुढच्या गार्डसाठी पादचारी-सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या. आपल्याकडे वेल्डिंगच्या दुकानात बनणाऱ्या गार्डची कोण चाचणी घेतं?

गैरसमज: ‘दुकानात उघड विकतात, म्हणजे कायदेशीर आहे.’

वस्तुस्थिती: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच सर्व राज्यांना पत्र पाठवून अनधिकृत क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं. आधार होता मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52. उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये याच कलमावर स्पष्ट केलं. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. यात धातूनुसार सवलत नाही.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

‘अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं.’ भांड्यांचं असतं. 6061-टी6 हा मिश्रधातू ताकदीत साध्या बांधकामी पोलादाच्या बरोबरीचा आहे, पण वेल्डिंगजवळ ती ताकद निम्म्याच्या आसपास उतरते.

‘अ‍ॅल्युमिनियमचा गार्ड एक तृतीयांश वजनाचा.’ घनता तेवढी कमी आहे, पण ताठपणाही एक तृतीयांशच. म्हणून जाडी वाढवावी लागते आणि वजनातली बचत घटते.

‘अ‍ॅल्युमिनियमला कधीच गंज नाही.’ तांबडा गंज नाही. पण लोखंडी बोल्टशी संपर्क आला आणि ओला चिखल साचला की तेही खाल्लं जातं.

‘चुंबक चिकटत नाही, म्हणजे पाइप 304 स्टेनलेस.’ स्वस्त 202 लाही चुंबक सहसा चिकटत नाही.

‘गार्डच्या पन्नास किलोने काय होतं?’ पुढच्या एक्सलच्या 80 सेंटीमीटर पुढे टांगलेले 50 किलो, तीन मीटर व्हीलबेस असेल तर, त्या एक्सलवर सुमारे 63 किलोंचा भार टाकतात आणि मागची चाकं 13 किलोंनी हलकी करतात. शिवाय तेवढा माल कमी भरावा लागतो.

‘एअरबॅग आहे, वर गार्ड; दुहेरी संरक्षण.’ एअरबॅगचा सेन्सर धक्का किती झपाट्याने वाढतो हे ओळखून काम करतो. गार्डमुळे ती ओळख बिघडू शकते.

तेव्हा लोखंड की अ‍ॅल्युमिनियम, याचं उत्तर: दोन्ही नको. बंपर फुटला तर कंपनीचाच बसवा. गार्डचे पैसे ब्रेक, टायर आणि हेडलाइटवर घाला, पट्टा लावा. आणि गावातल्या प्रत्येक ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर पट्टी लागेपर्यंत ट्रॉलीमालकांच्या आणि साखर कारखान्यांच्या मागे लागा. काही रुपयांची ती पट्टी रात्री जितके जीव वाचवेल, तितके कुठलाही पाइप वाचवणार नाही.